पाय काढल्याची द्वाही

टर्बो बसवलेल्या मोटारीचा कारखान्याने दिलेला व्हॉल्व्ह काढून तिला बाजारातला डंप व्हॉल्व्ह लावावा किंवा न लावावा, हा प्रश्न आपल्या धर्मनिबंधकारांच्या हयातीत उपस्थित झाला असता, तर स्मार्तांची एकादशी आणि भागवतांची एकादशी यांच्या शेजारीच त्यांनी त्याला एक प्रशस्त प्रकरण बहाल केले असते, आणि पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, अपवाद व प्रायश्चित्त अशा क्रमाने त्याचा निकाल लावून पुढील पिढ्यांना निर्धास्त केले असते. ते गेले, आणि टर्बो मागाहून आला. त्यामुळे या विषयातील सर्व अधिकार सांप्रत दोनच प्रकारच्या मंडळींकडे राहिला आहे: ज्यांनी हा व्हॉल्व्ह लावला आहे ते, आणि ज्यांना तो विकायचा आहे ते. ज्यांना तो रात्री साडेअकरा वाजता, नुकता डोळा लागत असताना, खिडकीतून ऐकावा लागतो, अशा तिसऱ्या आणि संख्येने सर्वांत मोठ्या वर्गाची कैफियत अद्याप कोणी नोंदवून घेतलेली नाही. मी या तिसऱ्या वर्गाचा जुना सभासद आहे; परंतु माझ्या भाच्याने एक वयस्क, १.८ लिटरची टर्बो पेट्रोल मोटार विकत घेऊन तिला हा अलंकार घालावा काय, असा रीतसर सवाल माझ्यापुढे ठेवल्यामुळे, आणि भाच्याच्या बाबतीत मामाच्या हेतूंकडे कंसाच्या वेळेपासून थोड्या संशयानेच पाहण्याचा आपल्याकडे प्रघात असल्यामुळे, या विषयाचा साद्यंत अभ्यास करणे मला प्राप्त झाले.

अभ्यासाचा आरंभ टर्बोपासून करावा लागतो. इंजिनाच्या धुराड्यातून जो तप्त वायू वेगाने बाहेर पडतो, तो इंजिनाच्या जमाखर्चात पहिल्यापासून बुडीत खाती लिहिला जात असे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याला ही उधळपट्टी पाहवली नाही, आणि १९०५ साली त्याने असे पेटंट घेतले की, या वाया जाणाऱ्या वायूने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे, आणि या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी; म्हणजे हवा अधिक, हवा अधिक म्हणून इंधन अधिक, आणि इंधन अधिक म्हणून त्याच आकाराच्या इंजिनातून शक्ती अधिक. पुढे विमाने आकाशात उंच चढू लागली आणि विरळ हवेत त्यांच्या इंजिनांना धाप लागू लागली, तेव्हा अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली विमानाचे एक इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या १४ हजार फुटांहून उंच पर्वताच्या माथ्यावर नेऊन ही युक्ती तेथेही चालते हे सिद्ध करून दाखवले. सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत टर्बो अवतरला तो १९६२ साली. त्या वर्षीची ओल्ड्समोबील जेटफायर ही गाडी पेट्रोलाखेरीज शुद्ध पाणी आणि मिथिल अल्कोहोल यांचे एक मिश्रण पीत असे, आणि त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असे भारदस्त नाव दिलेले होते. मालक मंडळी नावाचा उच्चार आवडीने करीत आणि द्रव भरायला विसरत. परिणामी पुष्कळ गाड्यांचा टर्बोच अखेर उतरवून ठेवावा लागला.

टर्बो लाभलेल्या माणसाला तो चारचौघांना कळवल्यावाचून चैन पडत नाही, हेही इतिहासाने फार लवकर दाखवून दिले. १९७३ साली बीएमडब्ल्यूने आपल्या २००२ टर्बो या गाडीच्या पुढच्या पट्टीवर ‘टर्बो’ हे नाव उलट्या अक्षरांत रंगवले; उद्देश हा की, पुढे चाललेल्या इसमाला ते आपल्या आरशात सुलट वाचता यावे आणि त्याने मुकाट्याने बाजूस व्हावे. ते साल नेमके तेलटंचाईचे निघाले, जर्मनीत त्या अक्षरांवरून गहजब उडाला, आणि ती गाडी सतराशेचा आकडा न गाठताच इतिहासजमा झाली. १९७७ साली रेनोने फॉर्म्युला वनच्या शर्यतीत सिल्व्हरस्टोन येथे पहिली टर्बो गाडी उतरवली, तेव्हा तिच्या मागून निघणारे धुराचे लोट पाहून इंग्रजांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवले. १९७९ साली दीजाँ येथे त्याच रेनोने शर्यत जिंकली, आणि हसणारे यथाकाल आपापल्या गाड्यांना टर्बो बसवून घेऊ लागले. आपल्याकडे हे वारे जरा उशिराने पोहोचले. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यातून निघालेल्या ऑक्टाव्हियाच्या १.८ लिटर, वीस व्हॉल्व्हांच्या, दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनाने आणि पुढे २०१३ साली चाकणहून आलेल्या पोलो जीटी टीएसआयने महाराष्ट्रातील तरुण पिढीला टर्बो पेट्रोलची गोडी लावली, आणि गोडी लागली की तिचा गाजावाजा करण्याची साधने पाठोपाठ येतातच.

आता मूळ अडचण. टर्बोचे चक्र मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांच्या घरात फिरून हवा कोंबत असताना चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकाएकी उचलला, की इंजिनाच्या तोंडाशी असलेली थ्रॉटलची झडप धाडकन मिटते. चक्र मात्र लागलीच थांबत नाही. ते आपल्या अंगच्या वेगाने हवा लोटतच राहते. पुढचे दार बंद आणि मागचा रेटा चालू, अशा कोंडीत सापडलेली दाबाची हवा उलट फिरते आणि टर्बोच्या पात्यांवरच चाल करून जाते. त्याने ‘सुतुतुतु’ असा फडफडाट होतो, चक्राचा वेग तुटतो, बेअरिंगला उलटसुलट धक्के बसतात, आणि पुढच्या गिअरला पाय दाबावा तर दाब नव्याने जमवण्यात वेळ जातो. यावर उपाय म्हणून मधल्या नळीला एक स्प्रिंगची झडप बसवतात. थ्रॉटल मिटताच मॅनिफोल्डमध्ये निर्वात निर्माण होतो, एका बारीक नळीतून तो या झडपेला ओढून उघडतो, आणि कोंडलेली हवा मोकळी होते. येथवर सर्व पंथांचे एकमत आहे. भांडण आहे ते मोकळ्या झालेल्या हवेने जावे कोठे, एवढ्यापुरतेच. कारखान्याचा व्हॉल्व्ह ती हवा एका नळीने गुपचूप टर्बोच्या तोंडाशी परत नेऊन सोडतो. बाजारातला डंप व्हॉल्व्ह ती सरळ बॉनेटखाली, म्हणजे पर्यायाने चव्हाट्यावर, सोडून देतो. आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, तो ‘प्श्श’ असा ध्वनी या चव्हाट्यावरच उत्पन्न होतो.

हवा काही कोणाच्या मालकीची नाही, तेव्हा ती आत सोडली काय आणि बाहेर सोडली काय, असे कोणास वाटेल. परंतु मोटारीच्या पोटात शिरलेली हवा ही हिशेबातली हवा असते. भाच्याच्या मोटारीत हवा जेथून आत येते तेथेच एक एअर मास सेन्सर बसवलेला आहे. पूर्वी शहराच्या वेशीवर जकातनाका असे, आणि नाक्यावरच्या कारकुनाने एकदा पावती फाडली की तो माल शहरात आलाच, असे गृहीत धरून कचेरीचा पुढचा कारभार चाले. तसाच याचा शिरस्ता आहे. हा कारकून आत आलेल्या हवेचे वजन नोंदवतो, ती नोंद संगणकाच्या कचेरीत रवाना होते, आणि कचेरी त्या वजनाच्या प्रमाणात पेट्रोल मंजूर करते. कारखान्याच्या पद्धतीत सुटलेली हवा नाक्याच्या आतल्या आतच फिरून टर्बोकडे येते, सबब कीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसतो. डंप व्हॉल्व्ह लावला, की पावती फाडलेला माल वेशीच्या आत येऊन परस्पर बेपत्ता होतो. कचेरीला त्याची गंधवार्ता नसते, आणि ती नेकीने, नियमाबरहुकूम, व म्हणूनच चुकीने, अस्तित्वात नसलेल्या हवेसाठी पेट्रोल अदा करीत राहते. मी ज्या मुलकी खात्यात उभी हयात काढली, तेथे या प्रकाराला अफरातफर म्हणत आणि त्यापायी माणसे निलंबित होत. येथे निलंबित होतो तो प्रवास. गाडी क्षणभर अडखळते, हिसका देते, मागून काळा धूर नाहीतर ‘फट्’ असा बार काढते, चौकात थांबता थांबता बंदही पडते; स्पार्क प्लगांवर काजळी धरते; आणि न जळलेले पेट्रोल जाऊन पडते ते धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या माथी, जो या सबंध प्रकरणात सर्वांत निरपराध आणि बदलायला सर्वांत महाग असतो. ज्या गाड्यांत हा नाकाच नाही आणि हवेचे अनुमान मॅनिफोल्डमधील दाबावरून केले जाते, त्या गाड्या ही चोरी बऱ्याच अंशी निभावून नेतात. पण भाच्याची मोटार त्या कुळातली नव्हे.

हे सर्व मी भाच्याला समजावून सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू वधूच्या रूपाविषयी विचारले असता मी तिच्या वडिलांचा सातबारा वाचून दाखवला असावा. मग त्याने आपली बाजू मांडण्यास सुरुवात केली.

“मामा, पिकप वाढतो ना पण गाडीचा,” ही त्याची पहिली कैफियत.

या मुद्द्याचा निकाल साध्या तर्काने लागतो. शक्ती हवी असते तेव्हा पाय दाबलेला असतो. पाय दाबलेला असतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला असतो. आणि मिटलेल्या व्हॉल्व्हच्या अंगी एकच गुण असावा लागतो, तो न गळण्याचा. मग तो निळ्या मुलाम्याच्या ॲल्युमिनियमचा असो, आरशासारखा लखलखीत असो, वा कारखान्यातून आलेल्या निरुत्साही काळ्या प्लॅस्टिकचा असो. न गळता मिटलेले सर्व व्हॉल्व्ह इंजिनाच्या दृष्टीने समान आहेत. जुना व्हॉल्व्ह गळका असेल आणि त्याच्या जागी नवा लावला, तर शक्ती वाढल्याचा भास होतो हे खरे. पण ती वाढ नसून थकबाकीची वसुली असते.

“बरं, पण टर्बोचं आयुष्य? तो जपायला नको का?” ही दुसरी.

जपायला हवा, आणि कारखान्याने नेमलेला व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून तेवढेच एक काम, कोणतीही बिदागी न मागता आणि तोंडातून अवाक्षर न काढता, बजावीत आला आहे. उलट बाजारातल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग नरम निघाली, तर गाडी नुसती उभी राहून घुरघुरत असतानाही तो उघडा पडतो, आणि एअर फिल्टरला वळसा घालून बॉनेटखालची धुळकट हवा आत ओढू लागतो. ज्या शहरात कोणता ना कोणता रस्ता बारमाही खणलेला असतो, त्या शहरात टर्बोला धूळ चारून त्याचे आयुष्य वाढवण्याची ही कल्पना मला तितकीशी पटली नाही.

दोन्ही कैफियती येणेप्रमाणे खारीज झाल्यावर भाचा क्षणभर गप्प बसला, आणि मग ज्या सुरात माणसे मृत्युपत्रातला खरा वारस सांगतात त्या सुरात म्हणाला, “आवाज भारी येतो, मामा.”

हे ऐकून माझ्या मनात त्याच्याविषयी आदर उत्पन्न झाला. पिकप आणि आयुष्य ही दोन्ही कारणे त्याने माझ्यासाठी, म्हणजे वडीलधाऱ्यांना कारणे लागतात म्हणून, जमवून आणलेली होती. हे तिसरे मात्र त्याचे स्वतःचे होते. आणि म्हणूनच या आवाजाचा विचार थोडा सावकाशीने करणे अगत्याचे आहे, कारण त्याचे एक लक्षण त्याच्या भक्तांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

मनुष्याने आजवर जे जे घोष निर्माण केले ते सर्व काहीतरी आरंभल्याचे किंवा तडीस नेल्याचे घोष आहेत. मुहूर्ताला सनई वाजते. आरतीला झांज वाजते. कुस्ती मारली की हलगी कडाडते. आगगाडी निघताना शिट्टी देते. रस्त्यारस्त्यांतून थडथडत जाणारी आणि सायलेन्सर बदलून घेतलेली ती दांडगी मोटारसायकल कितीही असह्य असली, तरी तिचा आवाज तिच्या चालण्याचा असतो. डंप व्हॉल्व्हचे तसे नाही. पाय दाबून गाडी पराक्रम करीत असते तोवर तो मौन धरतो, आणि पाय काढताक्षणी, म्हणजे पराक्रमाचा विचार रहित झाला की, तो कंठ फोडतो. आवाज होतो तो वापरलेल्या शक्तीचा नव्हे, तर वापरायची राहून गेलेल्या शक्तीचा. शनिवारवाड्याच्या नगारखान्यात स्वारी निघाल्याची नौबत झडत असे. परंतु स्वारीचा बेत रद्द होऊन श्रीमंत पुन्हा गादीवर टेकले, याची नौबत झडवण्याची कल्पना पेशव्यांच्या दरबारातील एकाही मुत्सद्द्याला सुचली नाही. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोटारशौकिनांना सुचली. पाय काढला म्हणून द्वाही फिरवणारे हे जगातील पहिले आणि बहुधा एकमेव वाद्य असावे.

आणि एकदा पाय काढण्याला अशी प्रतिष्ठा मिळाली, की पाय दाबण्याचा हेतूच पालटतो. पुण्यात अलका टॉकीजच्या चौकातून निघून नळस्टॉपपर्यंत जाणाऱ्या वाहनाला टर्बोचा दाब जमेल एवढी मोकळी जागा दिवसा सहसा मिळत नाही. आणि दाब जमला नाही तर सुटायला हवाही नाही, मग आवाज कोठला? यास्तव व्हॉल्व्हधारी तरुण गाडी मुद्दाम खालच्या गिअरमध्ये ठेवतो, पुढच्या रिक्षापर्यंतच्या वीस पावलांत तिला जिवाच्या आकांताने पिटाळतो, आणि रिक्षाचा मागचा पडदा नाकाला टेकण्याच्या बेतात असताना पाय उचलतो. ‘प्श्श’ होते. रिक्षावाला मागे वळून पाहतो, टायरमधली हवा गेली काय म्हणून खाली वाकून बघतो, आणि आपली चाके शाबूत असल्याची खात्री झाल्यावर जे काही बोलतो, ते डंप व्हॉल्व्हच्या आवाजात तरुणाला ऐकू जात नाही. थांबायला सापडावे म्हणून धावणे, हा या साधनेचा सारांश आहे. आणि तिला जे पेट्रोल लागते त्याचा हिशेब भाच्याने मला विचारू नये म्हणून मी तो त्याला दाखवला नाही, कारण त्यात वर सांगितलेल्या अफरातफरीचे पेट्रोल आणखी मिळवायचे असते.

बाजारात अर्थातच सर्व मतांच्या गिऱ्हाइकांची सोय असते. ज्याला आवाज हवा पण पाप नको, त्याच्यासाठी दोन तोंडांचा व्हॉल्व्ह मिळतो. तो काही हवा मुकाट्याने परत पाठवतो आणि उरलेली बाहेर सोडून वाजवतो. थोडे हिशेबात आणि थोडे बेहिशेबी, ही पद्धत आपल्याकडील जमीन-व्यवहारांत इतकी रुळलेली आहे, की हा व्हॉल्व्ह दूर परदेशात कोणी योजला असेल यावर माझा विश्वास बसेना. यापुढची पायरी डिझेलवाल्यांची. बहुतेक डिझेल इंजिनांना पेट्रोलसारखी धाडकन मिटणारी थ्रॉटल नसते, त्यामुळे हवेची कोंडी होत नाही, त्यामुळे व्हॉल्व्हची मुळात गरजच नसते. परंतु आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून धावणाऱ्या टर्बो गाड्यांत डिझेलचा भरणा मोठा, आणि डिझेल झाले म्हणून काय तिच्या मालकाला भावना नसतात? तेव्हा त्यांच्यासाठी विजेवर चालणारे व्हॉल्व्ह निघाले, जे पाय उचलल्याची वर्दी तारेने घेतात आणि केवळ आवाजासाठी म्हणून उघडतात. सर्वांत खालच्या पायरीवर सायलेन्सरच्या तोंडात खुपसायची ॲल्युमिनियमची शिट्टी आहे. ती अगदी थोडक्या पैशांत मिळते, तिला टर्बोही लागत नाही, आणि म्हणून ती ज्या गाडीला लावलेली असते त्या गाडीला टर्बो नाही हे जाणकारांना ती दुरूनच कळवते. या उतरंडीत एक तात्त्विक सरळपणा आहे, तो नाकारता येणार नाही: जसजसे खाली यावे तसतसा यंत्राशी असलेला संबंध सुटत जातो आणि निखळ आवाज तेवढा शिल्लक राहतो.

कायद्याचा विचार शेवटी करावा लागतो, कारण तो गाडी पकडल्यावर आठवतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाची कडक आठवण सर्वांना करून दिली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये बेकायदेशीर फेरफारास दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद घातली. शिवाय आवाज व धूर यांची मानके मोडली तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहेच. आता, ‘फेरफार’ म्हणजे वाहनाच्या रचनेत केलेला असा बदल, की ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप पालटते, असे कायद्यानेच सांगितले असल्यामुळे, हवा आत न सोडता बाहेर सोडणे हा मोटारीच्या मूलभूत स्वरूपातील बदल होय किंवा कसे, यावर दोन वकील आणि एक न्यायाधीश यांचा एक सबंध दिवस मोठ्या आनंदात जाऊ शकेल. परंतु चौकात उभा असलेला हवालदार हा प्रश्न इतक्या बारकाईने पाहत नाही. त्याच्या खात्याने ठिकठिकाणी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवलेला आहे, आणि ज्याच्या हाती रोडरोलर आहे त्याच्याशी व्याख्येचा वाद घालू नये, एवढे तारतम्य भाच्यालाही होते.

तरीही कारखान्याचा व्हॉल्व्ह कधीच बदलू नये असा याचा अर्थ नव्हे. अपवादाचे प्रकरण येथे सुरू होते. त्या प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हमध्ये रबराचा एक पडदा असतो, आणि वर्षानुवर्षे उष्णता, तेलाची वाफ आणि दाब सोसून तो एक ना एक दिवस फाटतो. फाटला की दाबाची हवा पाय दाबलेला असतानाच गळू लागते, आणि गाडी चढावर अशी कुरकुरते, की पेन्शनीस आलेल्या माणसाला तिचे दुःख सांगावे लागत नाही. ज्याने इंजिनाचा संगणक नव्याने लिहून घेऊन टर्बोचा दाब वाढवला आहे, त्याने तर पिस्टनचा, धातूचा आणि मजबूत व्हॉल्व्ह खुशाल लावावा. फक्त तो हवा परत फिरवणारा असावा, म्हणजे नाक्यावरचा हिशेब बिघडत नाही. भाच्याच्या गाडीची परीक्षा आमच्या ओळखीच्या मेस्त्रींनी केली. त्यांनी व्हॉल्व्ह उतरवला, अंगठ्याने पडदा आत दाबला आणि वरच्या बारीक नळीचे तोंड दुसऱ्या हाताच्या बोटाने बंद केले. पडदा धड असता तर तो दबलेलाच राहिला असता. तो निवांतपणे वर आला. “साहेब, पडदा गेलाय,” मेस्त्री म्हणाले, “आवाजाचं नंतर बघू, आधी हवा तर राहू द्या आत.” या विषयावर मी जे जे वाचले आणि ऐकले, त्यात याहून नेमके वाक्य मला आढळले नाही.

नाना पेठेतून कारखान्याच्याच नमुन्याचा नवा व्हॉल्व्ह आणून बसवला गेला. तो काळा आहे, प्लॅस्टिकचा आहे, आणि बॉनेट उघडून कोणाला दाखवावा असे त्यात काहीही नाही. गाडी मात्र कात्रजचा घाट पूर्वी ज्या गिअरमध्ये धापा टाकीत चढायची, त्याच्या वरच्या गिअरमध्ये आता सुखाने चढते, आणि हिशेब पैचाही न चुकता लागतो. राहिला प्रश्न आवाजाचा. भाच्याने त्यावर जो तोडगा काढला, त्याची शिफारस मी सर्व व्हॉल्व्हप्रेमी तरुणांना करतो. तो पाय दाबतो, गाडी वेग घेते, गिअर बदलण्यासाठी तो पाय उचलतो, आणि त्याच क्षणी दात मिटून, जीभ टाळूला लावून, स्वतःच्या तोंडाने ‘प्श्श’ करतो. पहिल्यांदा हे घडले तेव्हा मागे बसलेल्या माझ्या बहिणीने “अरे, सर्दी झाली का तुला?” म्हणून चौकशी केली आणि त्याला आल्याचा चहा घ्यायला सांगितले, पण मला त्यात कोणतेही न्यून आढळले नाही. या पद्धतीत नाक्यावरच्या नोंदीतील एक कणही गहाळ होत नाही, स्पार्क प्लग स्वच्छ राहतात, आवाजाचा जोर प्रसंग पाहून कमीजास्त करता येतो, दाब जमण्यासाठी रिक्षावाल्याच्या अंगावर धावून जावे लागत नाही, आणि गाडी डिझेलची असली तरी अडत नाही. मुख्य म्हणजे कलम ५२ मी पुन्हा एकदा अथपासून इतिपर्यंत वाचून काढले आहे, आणि वाहनचालकाच्या मुखाच्या मूलभूत स्वरूपात होणाऱ्या फेरफाराविषयी त्यात अवाक्षरही नाही.